फरदड आणि उलंगवाडी : मालिका मोठी कशाने होते?

फुलसावंगी हे यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातलं गाव. पैनगंगेचं खोरं, काळी जमीन आणि नदी ओलांडली की मराठवाडा. शिवारात कापूस, सोयाबीन, तूर. दिवाळीच्या सुमारास इथे कापसाची वेचणी भरात असते. दिवसभर पराटीत वाकून कापूस वेचलेल्या बाया दिवेलागणीला घरी येतात, हातपाय धुतात आणि स्वयंपाकाला लागतात. त्याच वेळी पुढच्या खोलीत टीव्ही लागतो. भाकर थापता थापता मालिका ऐकली जाते. पाहायला मिळते ती तव्यावरची भाकर उतरल्यावर, तेवढ्यापुरती.

अशाच एका संध्याकाळी टीव्हीतून ओळखीचा आवाज आला, तशी आतली बाई पिठाचे हात घेऊन दारात आली. पडद्याकडे पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "मेली होती न वं ते! आता कुठून आली?"

"मेलीच नव्हती म्हणते. वाचली."

"मंग आपन रडलो कायले?"

त्या बाईने मालिकांविषयीचं एकही पुस्तक वाचलेलं नाही. पण या प्रकरणाला जो प्रश्न सोडवायचा आहे, तो तिने चार शब्दांत मांडला. मालिका मोठी कशाने होते? कलाकारांनी, कथेने, की लाखो लोक पाहतात म्हणून? माझं उत्तर तिच्या प्रश्नातूनच निघतं. मालिका प्रेक्षकाचा वेळ घेते आणि त्या वेळात त्याच्याकडून हसू, रडू, राग, आशा असं बरंच काही घेते. घेतलेल्या त्या ऐवजाशी जी शेवटपर्यंत इमान राखते, ती मालिका मोठी.

वेळेचा हिशेब

आधी हा ऐवज किती मोठा आहे ते पाहू. आपल्याकडे वाहिन्यांना तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिरातींसाठी घेता येतात, असा नियम आहे. म्हणजे अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती, शीर्षकगीत आणि मागच्या भागाची उजळणी सोडली, तर गोष्टीला साधारण २२ मिनिटं मिळतात. आठवड्याला सहा भाग धरले, तर वर्षाचे ५२ आठवडे मिळून ६,८६४ मिनिटं होतात. तास केले तर ११४. अडीच तासांचा एक, असे पंचेचाळीस चित्रपट एवढ्या वेळात पाहून होतील. मालिका पाच वर्षं चालली, तर हिशेब ५७० तासांवर जातो.

दुसरी कुठलीही कला माणसाकडून एवढा वेळ मागत नाही. नाटक तीन तासांत पडदा पाडतं. जाडजूड कादंबरी आठवड्याभरात वाचून होते. मालिका मात्र घरात राहायला येते. तिची माणसं आपल्या जेवणाच्या वेळी बोलत असतात, त्यांची दिवाळी आपल्या दिवाळीला येते, आणि मालिका चालू असताना आपल्या घरात एखादं लग्न होतं, एखादं माणूस जातं, शाळेत जाणारी मुलगी कॉलेजात जाते. काळ हेच मालिकेचं भांडवल आहे. ते वापरायचं कसं हे जिला कळलं ती टिकते, आणि जिला नाही कळलं ती फक्त चालते.

पोथीची रीत

गोष्ट थोडी थोडी सांगायची आणि उद्यासाठी राखून ठेवायची, ही रीत टीव्हीने शोधलेली नाही. विदर्भातल्या गावांत आजही श्रावणात पोथी लागते. एक जण ओव्या वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, अध्याय संपला की आरती होते आणि माणसं घरी जातात. दासगणूंच्या 'गजानन विजय' ग्रंथाचे अध्याय २१. 'नवनाथ भक्तिसार' ४० अध्यायांचा. श्रीधरांचा 'पांडवप्रताप' ६४ अध्यायांचा. पुढच्या अध्यायात काय घडणार हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं, कितवा अध्याय शेवटचा हेही ठाऊक असतं, तरी तो रोज येतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतो. म्हणजे 'पुढे काय होणार' ही उत्सुकता गोष्टीला लागते खरी, पण माणूस रोज परत येतो तो तेवढ्यासाठी नाही. ती माणसं पुन्हा भेटावीत म्हणून तो येतो.

छापील मराठीतही ही रीत जुनीच. हरि नारायण आपट्यांचं 'करमणूक' हे साप्ताहिक १८९० साली निघालं आणि 'पण लक्षात कोण घेतो?' ही त्यांची कादंबरी त्यातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तरुणपणी विधवा झालेल्या नायिकेची, यमूची, कहाणी वाचकांना हप्त्याहप्त्याने कळत होती. दोन हप्त्यांच्या मधल्या दिवसांत वाचक यमूच्या काळजीत असायचा, आणि ती काळजी वाहताना आपल्याच घरातल्या बालविधवेकडे नव्याने पाहायचा. हप्त्यांच्या मधला रिकामा काळ हाही गोष्टीचाच भाग असतो. प्रेक्षकाच्या मनात मालिका खरी घडते ती त्या रिकाम्या काळात.

तेरा भागांची शिस्त

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. त्याच दशकात 'चिमणराव गुंड्याभाऊ' आली. चिं. वि. जोशींच्या कथा, चिमणराव म्हणून दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ म्हणून बाळ कर्वे. कृष्णधवल चित्र, मोजका सेट, मोजकी माणसं. तरी त्या जोडीची नावं आजही घराघरात माहीत आहेत. पुढे १९९० च्या सुमाराला राजदत्त यांनी ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' पडद्यावर आणला. या दोन्ही मालिकांच्या मागे आधीच कसाला लागलेलं साहित्य होतं. माणसं कागदावर जिवंत झालेली होती, पडद्याने त्यांना चेहरा दिला.

दूरदर्शनच्या काळात मालिका आठवड्याला एकदा दिसायची आणि बहुतेकदा तेरा भागांच्या हिशेबाने मंजूर व्हायची. तेरा आठवडे म्हणजे वर्षाचा चौथा हिस्सा. एवढ्यात सांगायचं ते सांगा, पुढचं पुढे पाहू. ही मर्यादा लेखकाला जाचक वाटत असेल, पण तिच्यामुळे एकही भाग वाया घालवता येत नव्हता.

याच काळातला हिंदीतला एक अनुभव मालिका लिहिणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा असा आहे. ७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग' सुरू झाली. लेखक मनोहर श्याम जोशी. कुटुंबनियोजनाचा संदेश लोकांपर्यंत पोहोचवायचा हा तिच्यामागचा सरकारी हेतू होता. सुरुवातीच्या भागांत उपदेश इतका झाला की प्रेक्षक कंटाळले. मग संदेश मागे सरला, कुटुंब पुढे आलं आणि मालिका देशभर गाजली. भागाच्या शेवटी दोन शब्द सांगायला येणाऱ्या अशोककुमारांवर प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडला. त्याहून बोलकी गोष्ट पुढेच आहे. सगळं मुकाट सोसणारी भागवंती ही लेखकाने 'असं वागू नये' म्हणून उभी केलेली आई. अभ्यासकांनी प्रेक्षकांना विचारलं तेव्हा कळलं, की कितीतरी जणांना तीच आदर्श वाटली होती. रोज सोसणाऱ्या बायांनी तिच्यात स्वतःला पाहिलं. माणूस खरा उतरला की तो लेखकाचंही ऐकत नाही.

२ ऑक्टोबर १९८८ ते जून १९९० या काळात बी. आर. चोप्रांची 'महाभारत' ९४ भागांत झाली. पटकथा-संवाद राही मासूम रझा यांचे. एवढी अफाट कथा सांगायला निवेदक कोण घ्यायचा? त्यांनी काळालाच निवेदक केलं आणि हरीश भिमानींचा आवाज त्या 'समया'चा आवाज झाला. मालिकेचं भांडवल काळ आहे, हे इतक्या उघडपणे दुसऱ्या कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही.

माणूस बदलला पाहिजे

काळ जातो म्हणजे काय होतं? माणूस बदलतो. चांगल्या मालिकेत पहिल्या भागातला माणूस आणि शेवटच्या भागातला माणूस शेजारी उभे केले, तर मधलं अंतर डोळ्यांना दिसतं, आणि तरी ते अंतर कुठल्या एका दिवशी कापलं गेलं हे सांगता येत नाही.

२०१२-१३ मधली 'उंच माझा झोका' ही मालिका मला याचा मराठीतला उत्तम नमुना वाटते. रमाबाई रानडे यांचं लग्न १८७३ साली झालं, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना अक्षरओळख नव्हती. पुढे याच रमाबाईंनी पुण्यात सेवासदन उभं केलं आणि 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे मराठीतलं मोलाचं आत्मचरित्र लिहिलं. चित्रपट हे अंतर एका गाण्यात उरकतो. मालिकेला ते उरकायचं नव्हतं. लहान रमा झालेली तेजश्री वालावलकर कितीतरी महिने पडद्यावर होती. पाटीवरचं अक्षर, घरातल्या बायकांचे टोमणे, नवरा शिकवायला बसला की होणारी कुजबुज, हे सगळं रोज थोडं थोडं साचत गेलं. मोठ्या रमाबाईंच्या भूमिकेत स्पृहा जोशी आली, तोवर तिच्यामागे प्रेक्षकांनी स्वतः पाहिलेलं एक अख्खं बालपण उभं होतं. ते बालपण सांगून कळलं नसतं, त्याच्यासोबत राहावं लागलं.

जगातल्या गाजलेल्या मालिकांतही हेच दिसतं. अमेरिकेतल्या 'ब्रेकिंग बॅड' मालिकेत २००८ ते २०१३ या काळात ६२ भागांतून एक रसायनशास्त्राचा शिक्षक अमली पदार्थांचा क्रूर व्यापारी होतो. पहिल्या भागात आपल्याला त्याची कणव येते, शेवटी भीती वाटते. तो बदलला, आणि त्याच्याबरोबर आपला न्यायही बदलला. हे दोन तासांत पटवता येत नाही.

बदल नेहमी एवढा मोठा असावा लागत नाही. २००१ ते २००५ दरम्यानची केदार शिंदे यांची 'श्रीयुत गंगाधर टिपरे' पाहा. मूळ आधार प्रभावळकरांचं 'अनुदिनी'. मध्यमवर्गीय घर, आबा म्हणजे आजोबा, मुलगा, सून, दोन नातवंडं. कुणी कुणाच्या वाईटावर नाही, कुणाचं अपहरण नाही, वारसाहक्काचा खून नाही. आठवड्याला एक छोटा पेच पडतो, घरातलं कुणीतरी थोडं चुकतं, थोडं शहाणं होतं. रात्री आबा वही उघडतात, चष्मा सारखा करतात आणि दिवसाची नोंद करतात. त्या नोंदीने दिवसाला अर्थ येतो. दिवस गेला आणि तो कुणीतरी जपून ठेवला, एवढं समाधान घेऊन प्रेक्षक झोपायला जायचा. जी मालिका रोजच्या जगण्याला असं मोल देते, तिला खलनायकाची गरज पडत नाही.

माती आणि बोली

मोठी मालिका नेहमी कुठल्यातरी एकाच गावाची असते. 'द वायर' (२००२ ते २००८, ६० भाग) या अमेरिकी मालिकेचं नाव जगातल्या सर्वोत्तम मालिकांत घेतलं जातं. ती बाल्टिमोर या एका शहराबाहेर फारशी जातच नाही. लिहिणारा डेव्हिड सायमन तिथल्या वर्तमानपत्राचा गुन्हे-बातमीदार होता, आणि त्याचा सहकारी एड बर्न्स आधी पोलिसात व नंतर शाळेत शिक्षक होता. दर पर्वात त्यांनी शहराची एक बाजू उघडली : अमली पदार्थांचा धंदा, बंदर, नगरपालिका, शाळा, वर्तमानपत्र. पात्रं तिथल्या गल्लीतली भाषा बोलतात, परक्याला समजावून सांगत बसत नाहीत. चालू असताना तिला प्रेक्षक थोडे होते. आज ती जगभर पाहिली जाते.

आपल्याकडे याची प्रचिती कोकणाने दिली. २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' आली. सिंधुदुर्गातला वाडा, नाईकांचं कुटुंब आणि मालवणी बोली. विदर्भात मालवणी कुणी बोलत नाही, तरी अण्णा नाईक इथेही घरचे झाले. पहिल्या पर्वात अण्णा मरतात तिथून गोष्ट सुरू होते. दुसऱ्या पर्वाने मागे जाऊन जिवंत अण्णांची गोष्ट सांगितली. मेलेला माणूस परत आणायचा तर असा आणावा : काळ उलटा वाचून, प्रेक्षकाला न फसवता.

इथे मोजणीचाही वाटा आहे. कोण काय पाहतं हे मोजणाऱ्या 'बार्क' या संस्थेच्या आकड्यांत २०१५ च्या ऑक्टोबरपासून गावातली घरंही आली. त्याआधीची मोजणी शहरांपुरती होती. पुढच्या दोन वर्षांत कोल्हापूरची 'तुझ्यात जीव रंगला' आणि साताऱ्याची 'लागिरं झालं जी' या मालिका आल्या, हा योगायोग नसावा. गाव मोजलं गेलं, तेव्हा गाव दिसू लागलं.

विदर्भ त्यात किती दिसला? 'माझ्या नवऱ्याची बायको' मधली राधिका नागपूरची होती. तिची भूमिका करणाऱ्या अनिता दाते मूळच्या नाशिकच्या, पण त्यांनी ती बोली मेहनतीने कमावली आणि राधिकाच्या तोंडी वऱ्हाडी वळणाचं बोलणं मुख्य वेळेत रोज ऐकू आलं. त्याचं मोल आहेच. पण एकंदरीत वऱ्हाडी पडद्यावर येते ती भोळेपणा दाखवायला किंवा हसवायला. तिच्यात दुःखाचं वजन पेलायची ताकद नाही का? उद्धव शेळक्यांच्या 'धग' या १९६० सालच्या कादंबरीतली कौतिक याच बोलीत बोलते, आणि तिच्याइतकी ताठ कण्याची नायिका मराठीत शोधावी लागते. म्हणजे बोलीत उणं काहीच नाही, तिच्यावर विश्वास टाकणारा मालिका-लेखक तेवढा भेटायचा आहे.

फुलसावंगीच्या घरातला टीव्ही वटपौर्णिमा दाखवतो, मंगळागौर दाखवतो, दिवाळी दाखवतो. पडद्यावरचा सण आणि आपल्या दारातला सण एकाच दिवशी येतो, हे मराठी मालिकांचं खरंच गोड वैशिष्ट्य आहे. पण पोळ्याला बैलांपुढे म्हटल्या जाणाऱ्या झडत्या त्यात नसतात. मृग कोरडा गेल्यावर करावी लागणारी दुबार पेरणी नसते, कापसाचा भाव पडलेली संध्याकाळ नसते. मालिकांच्या पंचांगात सण आहेत, हंगाम नाहीत. ज्या गावाचं सगळं जगणं हंगामावर चालतं, त्या गावाला ही मालिका शेजारची वाटते, स्वतःची वाटत नाही.

फरदड

आता त्या बाईच्या प्रश्नाकडे येऊ. मेलेली पात्रं परत का येतात?

रोजची मालिका बनते कशी, ते पाहिलं की कारण कळतं. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. रोज जवळपास एक भाग चित्रित व्हावा लागतो. प्रसारणासाठी तयार भागांचा जो साठा हाताशी असतो, त्याला सेटवर 'बँक' म्हणतात, आणि ही बँक बहुतेक वेळा रोडावलेलीच असते. एखादा कलाकार आजारी पडला किंवा मालिका सोडून गेला की गोष्ट वळवावी लागते. दर गुरुवारी प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात. एखादा धागा चालला की तो ताणायचा, नाही चालला की तोडायचा. प्रेक्षक स्वयंपाकघरातून ऐकतोय हे ठाऊक असल्याने पात्रं घडलेली गोष्ट बोलून दाखवतात, एकाच धक्क्यावर प्रत्येक चेहऱ्यावरून कॅमेरा फिरतो. स्मृती जाते, चेहरा बदलतो, जुळी बहीण निघते, 'लीप' येऊन सात वर्षं एका रात्रीत सरतात. यात लेखकांना दोष देणं मला रास्त वाटत नाही. ते रोज पाणी ओढणारे लोक आहेत. दोष आहे तो शेवटच न ठरवण्याचा.

यवतमाळच्या शेतकऱ्याकडे यासाठी नेमका शब्द आहे. कापसाचा हंगाम संपल्यावरही पराटी उपटायची नाही, तिला पुन्हा पाणी द्यायचं आणि आणखी थोडा कापूस काढायचा, याला म्हणतात फरदड. हाताशी पाणी असलं आणि भाव बरा असला की मोह होतो. पण फरदडीचा कापूस हलका निघतो. त्याहून वाईट म्हणजे उभ्या पराटीवर गुलाबी बोंडअळीला बारमाही खायला मिळतं, तिचं जीवनचक्र तुटत नाही आणि ती पुढच्या वर्षीच्या पिकात उतरते. २०१७ च्या हंगामात या अळीने विदर्भातला कापूस पोखरला, ती आठवण इथे ताजी आहे. म्हणून फरदड घेऊ नका, असं कृषी विभाग दर वर्षी सांगतो.

ताणलेली मालिका म्हणजे फरदड. तिच्यातून निघणारा माल हलका असतो, आणि नुकसान तिच्यापुरतं राहत नाही. एकदा फसवलं गेलेलं मन पुढच्या मालिकेत सावध बसतं. पडद्यावर कुणी मेलं तरी 'येईल परत' म्हणून भाकर थापत राहतं. पुढच्या लेखकाने जीव ओतून लिहिलेला मृत्यूसुद्धा मग कुणाला रडवत नाही. अळी पुढच्या पिकात उतरते ती अशी.

लांबी हाच दोष, असं मात्र कुणी समजू नये. 'चार दिवस सासूचे' तीन हजारांहून अधिक भाग चालली. घरात एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला रोज ठरल्या वेळी ओळखीचे आवाज ऐकू येणं, ही सोबत लहान गोष्ट नाही. मालिकेने माणसाला सोबत दिली, तर तिने चांगलं काम केलं. पण सोबत देणारी मालिका आणि मोठी मालिका यांत फरक आहे. सोबत संपली की आपण दुसरी शोधतो. मोठी मालिका संपली तरी संपत नाही.

उलंगवाडी

कापसाचा हंगाम सुरू होताना विदर्भातला शेतकरी शेतात सीतादही करतो, पहिल्या बोंडांची पूजा करून मग वेचणीला हात घालतो. आणि शेवटची वेचणी झाली की होते उलंगवाडी. पराटीवर राहिलेलं राहू द्यायचं, गुरं मोकळी सोडायची, शेत रिकामं करायचं. या शब्दात थोडी हुरहुर आहे आणि मोकळेपणाही आहे. शेत रिकामं झालं तरच त्याला ऊन लागतं आणि पुढचं पीक येतं.

मराठी मालिकेला अशी उलंगवाडी करता येते, हे सतीश राजवाडे यांच्या 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' ने दाखवलं. घनाला अमेरिकेला जायचं आहे, राधाला वडिलांना एकटं सोडायचं नाही, म्हणून दोघं घरच्यांसाठी खोटं लग्न करतात आणि त्या खोट्या लग्नात खरे गुंतत जातात. स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे यांची ती जोडी घराघरात पोहोचली होती. जानेवारी २०१२ मध्ये सुरू झालेली मालिका त्याच ऑगस्टमध्ये संपली. लोक पाहत होते, जाहिराती मिळत होत्या, तरी संपली. गोष्टीत एक प्रश्न होता, त्याचं उत्तर मिळालं आणि लेखक-दिग्दर्शकांनी हात जोडले. आज एवढ्या वर्षांनी ती मालिका आठवते, कारण तिला आकार आहे. शेवट नसलेल्या गोष्टीला आकार नसतो, आणि आकार नसलेलं काही मनात मावत नाही.

म्हणून मालिका मोठी आहे की नाही हे ठरवायला मी तिचे आकडे पाहत नाही. ती संपून दोन वर्षं झाल्यावर त्या घरात जावं आणि विचारावं. माणसांची नावं आठवतात का? पहिल्या दिवशी ती कशी होती आणि शेवटी कशी झाली, हे सांगता येतं का? ज्या प्रसंगाला डोळे भरून आले होते, तो सांगताना आजही आवाज जड होतो का? तसं होत असेल तर त्या मालिकेने ऐवज सांभाळला.

मालिका लिहिणाऱ्या नव्या पिढीला माझं एक मागणं आहे. पैनगंगेच्या काठी या. मृगापासून उलंगवाडीपर्यंतचा एक हंगाम इथे काढा. बावन्न भाग पुरे होतील. या बोलीत, या हंगामात, एका घराची गोष्ट सांगा, आणि पहिला भाग लिहिण्याआधी शेवटचा ठरवा. वाचकांनाही एक सांगायचं आहे. आपण रोज टीव्हीपुढे ठेवतो तो आपला वेळ आहे, आणि वेळेइतकी महाग वस्तू आपल्या घरात दुसरी नाही. ती कुणाला द्यायची हे आपल्या हातात आहे. फसवणाऱ्या मालिकेपुढून उठावं, इमान राखणारीला धरून राहावं आणि तिच्याविषयी चार लोकांत बोलावं. 'मंग आपन रडलो कायले?' हा प्रश्न त्या बाईला पुन्हा विचारावा लागू नये, एवढं झालं तरी मराठी मालिका मोठी होईल.